किलोच्या भावात जाणारे 19 गठ्ठे: एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या निर्लेखन समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
निर्लेखन समिती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या समितीने काढलेली निर्लेखनाची, म्हणजे वापरातून काढून विकायच्या सामानाची, यादी मी वाचली. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले वॉटर कूलर, गंजलेले स्टरिलायझर, आणि त्यांच्या खाली एक ओळ: 'जुने दप्तर, सन 1950 पूर्वीचे, अंदाजे 19 गठ्ठे'. खुर्च्या नगावर, कागद किलोवर. शेऱ्याच्या रकान्यात 'निरुपयोगी'. याआधी मी तुम्हाला दोन पत्रं पाठवली. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

त्या 19 गठ्ठ्यांपैकी 11 मी उघडले आहेत. उरलेल्या आठांत काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण त्यांच्यावरच्या सुतळीच्या गाठी अजून तशाच आहेत. न उघडलेला गठ्ठा निरुपयोगी ठरवण्याची ही हातोटी मला तीस वर्षांत जमली नाही.

मी इतिहासाची प्राध्यापक होते, आता निवृत्त आहे. साम्राज्यांनी आपापल्या वसाहतींमध्ये डॉक्टर कसे घडवले, हा माझा विषय. तो घेतला तेव्हा इतिहास विभागातल्या मुलाखतीत विचारलं गेलं, "हे मेडिकलवाल्यांचं काम नाही का?" मेडिकलवाल्यांच्या परिषदेत गेले तर तिथे प्रश्न, "मॅडम, तुमचं क्लिनिकल बॅकग्राउंड काय?" अशी ना घरची ना घाटची होऊन मी नोकरी पुरी केली. एक प्रवेश नोंदवही नीट वाचायला दोन महिने लागतात. प्राध्यापकाच्या बढतीसाठी मोजतात ते एपीआय गुण त्याचे शून्य. तरी हातून जे काही झालं, त्याचं मूळ तुमच्या जिन्याखालच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. तिथल्या एका कारकुनांनी मला टेबल दिलं, चाळीसचा बल्ब लावून दिला आणि रोज चार वाजता चहा पाठवला. हे पत्र लिहिण्यामागे माझा स्वार्थ आहे तो एवढा. तो लपवत नाही.

त्या वह्यांनी माझा प्रबंध खोटा ठरवला, हेही सांगायला हवं. 1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं आणि शतकांचा पूर्वग्रह मोडला, ही कथा आपण सगळेच ऐकत आलो. फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी झाली असंही सांगतात. सरकारी अहवालांचा सूर तोच: देशी विद्यार्थी गळतात ते सोवळ्याओवळ्यामुळे, प्रेताला हात लावायला नको म्हणून. मीही प्रबंधात तेच लिहिलं, कारण छापील अहवालात तेच होतं. पदवी मिळाली, अभिनंदनं झाली. मग तुमच्याकडची एक वही हाती आली, जिच्यात 'सोडण्याचे कारण' असा रकाना आहे. त्यात पुन्हा पुन्हा काय भेटतं? 'विद्यावेतन बंद'. 'वडील वारले'. 'ताप'. 'फी थकली'. 'घरी बोलावले'. एकाच्या पुढे 'बाप न्हावी' आणि शेजारी दोन शब्द, 'साधन नाही'. विच्छेदनाची किळस हे कारण मला त्या वहीत एकदाच सापडलं, आणि तो मुलगाही पुढच्या वर्षी परत आलेला दिसतो. एका महाविद्यालयाच्या एका वहीवरून साऱ्या हिंदुस्थानाचा निवाडा करता येत नाही, हे मला कळतं. पण ती वही नसती तर प्रश्न पडलाच नसता, आणि साहेबाने लिहिलेलं आपल्या मुलांविषयीचं प्रगतिपुस्तक मी जन्मभर खरं मानलं असतं.

वसाहतीच्या कारभारात एक सवय सगळीकडे सारखी. वर पाठवायच्या कागदात बेरजा असतात: इतके दाखल, इतके उत्तीर्ण, सुवर्णपदक अमक्याला. लंडन, हेग, लिस्बन इथल्या अभिलेखागारांत या बेरजा सुखरूप आहेत, आणि तिथे बसून मी त्या वाचल्या आहेत. चाळिशी उलटल्यावर पोर्तुगीज शिकले ती त्यासाठीच. पण जे वर पाठवलं नाही ते तिकडे नाही. नापास झालेले, मधेच सोडून गेलेले, दोन रुपये दंड झालेले, वसतिगृहात वेगळ्या पंगतीला बसवलेले, या सगळ्यांची नोंद जिथली तिथेच राहिली. म्हणजे तुमच्या जिन्याखाली. तिची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

हे फक्त आपल्यापुरतं आहे असंही समजू नका. डचांनी 1851 मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, जावानी मुलांसाठी वैद्यकशाळा काढली. सुरुवातीला दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शिकवणं मलय भाषेत, देवी टोचण्यासाठी आणि किरकोळ उपचारांसाठी माणसं हवी होती म्हणून. पुढे भाषा डच झाली, 1902 मध्ये तिची स्टोव्हिया, म्हणजे देशी डॉक्टर घडवणारी शाळा, झाली. तिथल्या ख्रिस्ती नसलेल्या जावानी मुलांनी युरोपीय पोशाख घालायचा नाही, आपल्या जातीजमातीचाच घालायचा, असा दंडक होता. शरीरशास्त्र युरोपचं, धोतर मात्र गावचं! त्याच मुलांनी 1908 मध्ये बुदी उतोमो ही संघटना स्थापन केली आणि इंडोनेशिया आपल्या राष्ट्रीय जागृतीचा दिवस त्या तारखेवरून मोजतो. फ्रेंचांनी हनोईत 1902 मध्ये शाळा काढली, पहिले संचालक प्लेगचा जंतू शोधणारे यर्सां. पश्चिम आफ्रिकेत डाकारला 1918 मध्ये. दोन्हीकडून बाहेर पडणारा माणूस वर्षानुवर्षं 'सहायक'च राहिला, फ्रान्समधल्या डॉक्टरच्या एक पायरी खाली. डाकारचा असाच एक सहायक डॉक्टर, फेलिक्स ऊफुएत-ब्वान्यी, पुढे आयव्हरी कोस्टचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पोर्तुगिजांनी 1842 मध्ये गोव्यात वैद्यकशाळा सुरू केली आणि तिच्यातून शिकलेल्या गोवेकरांना आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींत धाडलं. बेल्जियमने तर कमालच केली. 1960 मध्ये काँगो स्वतंत्र झाला तेव्हा त्या अफाट देशात एकही काँगोली डॉक्टर नव्हता, होते ते वैद्यकीय सहायक.

आपल्याकडची पायरी जरा वेगळ्या दगडाची. कलकत्त्याहून 1845 मध्ये चार विद्यार्थी विलायतेला गेले. त्यांतले सूर्यकुमार चक्रवर्ती 1855 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या परीक्षेतून आत शिरले. परीक्षा खुली होती, फक्त ती लंडनला होती. दार उघडंच आहे, घर तेवढं सात समुद्रांपलीकडे! 1930 मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली, त्यातूनच 1933 चा मेडिकल कौन्सिलचा कायदा आला. मान्यता कोण देतो, कोणाला देतो आणि कधी काढून घेतो, हा या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. आज तुमची समिती कागदांना मान्यता देते आहे किंवा नाकारते आहे, म्हणून ही आठवण.

आता तक्रारी.

पहिली, समितीच्या रचनेविषयी. तिच्यात भांडार, लेखा आणि बांधकाम विभागाचे प्रतिनिधी आहेत. पुराभिलेखाची जाण असलेलं एकही माणूस नाही. वॉटर कूलर दुरुस्त होणार नाही हे सांगायला तुम्ही इलेक्ट्रिशियनचा अभिप्राय जोडला आहे. दप्तरासाठी कोणाचाही जोडलेला नाही.

दुसरी तक्रार मला सर्वांत जास्त खुपते. पहिल्या पत्राच्या पोचेत म्हटलं आहे की 'महत्त्वाच्या नोंदी स्कॅन करून घेण्यात आल्या आहेत'. त्या मी पाहिल्या. वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी नामवंत माजी विद्यार्थ्यांची पानं, पदकविजेत्यांची यादी आणि दोन प्राचार्यांच्या सह्या. म्हणजे इंग्रजी अहवालांनी जे निवडलं असतं तेच. भाऊ दाजी लाड 1851 मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत बाहेर पडले, हे सांगायला नव्या स्कॅनची गरज नाही, ते चरित्रकोशात आहे. आनंदीबाई जोशींनी 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवी घेतली, रखमाबाई लंडनहून शिकून आल्या, हेही शाळकरी मुलांना ठाऊक असतं. पण 1883 नंतर मुंबईत मुलींसाठी दार उघडलं तेव्हा इथल्याच महाविद्यालयांत येऊन, शिकून किंवा अर्धवट सोडून गेलेल्या बायकांचं काय? तुमच्या एका वहीत मुलींच्या हजेरीसाठी पान उलटं करून मागच्या बाजूने लिहायला सुरुवात केली आहे. स्वतंत्र वही द्यायची तरतूद नव्हती, म्हणून. ते पान स्कॅनमध्ये नाही. स्कॅन करणाऱ्याला वही उलटी आहे असं वाटलं असेल.

तिसरी गोष्ट मराठीची. वैद्यक देशी भाषेत शिकवायचे प्रयोग इंग्रजीच्या आधीपासून झाले. कलकत्त्यात 1822 ची, मुंबईत 1826 ची देशी वैद्यकशाळा. मुंबईची 1832 मध्ये मिटली, कलकत्त्याची 1835 मध्ये मोडून इंग्रजी कॉलेज आलं. तरी भाषा हरली नाही. 1860 च्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजला मराठी आणि गुजराती वर्ग जोडले गेले, त्यांतून हॉस्पिटल असिस्टंट तयार झाले. डॉ. सखाराम अर्जुनांसारख्यांनी हे वैद्यक मराठीत बसवलं. तुमच्याकडेही अशा वर्गाच्या हस्तलिखित प्रश्नपत्रिका आहेत, चौथ्या गठ्ठ्यात, तपकिरी रुमालात. एका उत्तरात परीक्षार्थीने 'रोहिणी' लिहिलं आहे आणि परीक्षकाने पेन्सिलीने वर 'धमनी' केलं आहे. रक्तवाहिनीला आपल्या भाषेत काय म्हणायचं यावरचं भांडण त्या पेन्सिलीच्या टोकावर चाललेलं दिसतं. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत तुमच्या सभागृहात भाषणं होतात. हा रुमाल मात्र जिन्याखाली पडून आहे.

चौथी, लायसेन्शिएटांची. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा 1946 चा अहवाल सांगतो की देशातल्या सुमारे 47,500 नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ 30,000 पदवीधर नव्हतेच, परवानाधारक होते. तालुक्यातालुक्यांत कॉलऱ्याशी आणि बाळंतपणांशी झुंजले ते हे लोक. भोर समितीने तो परवान्याचा अभ्यासक्रमच बंद करावा असं सुचवलं, डॉक्टर एकाच प्रतीचा असावा म्हणून. हेतू चांगला होता, मी त्यावर भांडत नाही. पण अभ्यासक्रम गेला तशी त्या माणसांना आपली म्हणणारी संस्थाही गेली. त्यांचे वर्ग जिथे भरले तिथल्या वह्या हाच त्यांचा पुरावा. मी एकदा या विषयावर व्याख्यान दिलं तेव्हा एक आजोबा फोटो घेऊन आले, "माझे वडील एलसीपीएस होते, कुठे काही सापडेल का?" असं विचारत. एलसीपीएस म्हणजे असाच एक परवाना. मी त्यांना तुमच्या रेकॉर्ड रूमचा पत्ता दिला होता.

पाचवी. सहा आणि सात नंबरच्या गठ्ठ्यांत विच्छेदनगृहाच्या आणि धर्मादाय वॉर्डांच्या वह्या आहेत. तुम्ही सगळे डॉक्टर किंवा डॉक्टरांचे सहकारी. रुग्णाची ओळख जपायची असते हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे काशीत जाऊन गंगा विकावी. तरीही यादीत या वह्या सरसकट रद्दीत आहेत. बेवारस म्हणून टेबलावर आलेल्या माणसाचं वय, रोग, कुठल्या चाळीतून किंवा दुष्काळी कामावरून आला, एवढंच त्याच्यामागे उरलं आहे. त्याच्या देहावर पिढ्या शिकल्या. ती नोंद उद्या शेंगदाण्याच्या पुडीला येणार.

सहावी थोडक्यात. केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात 1892 पूर्वीचा अभिलेख नष्ट करू नये असं स्पष्ट कलम आहे. अपवाद फक्त पार विरून कामातून गेलेल्याचा, आणि तोही पुराभिलेखाच्या अधिकाऱ्याने ठरवायचा. तुमची संस्था त्या कायद्याच्या कक्षेत येते, राज्याच्या कायद्याच्या, की दोन्हींच्या बाहेर, याचा काथ्याकूट वकील करोत. मी पाहिलेल्यांपैकी किमान तीन गठ्ठे 1892 च्या आधीचे आहेत. यादीत मात्र सगळे 'सन 1950 पूर्वीचे' या एका पोत्यात.

तुमची अडचण मला दिसत नाही असं नाही. जागा खरोखरच कमी आहे. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, स्किल लॅबसाठी खोली हवी, तपासणीला येणारे निरीक्षक रेकॉर्ड रूम मोजत नाहीत. दोन गठ्ठ्यांना वाळवी लागली आहे आणि एक पावसात भिजून वीट झाला आहे. वह्या महाविद्यालयातच राहाव्यात असा माझा हट्ट नाही. आपल्याकडे मोडी लिपीतलं दप्तर म्हटलं की हात जोडले जातात. राजवाडे गावोगाव फिरून वाण्याच्या दुकानातून आणि वाड्यांच्या माळ्यांवरून कागद वाचवत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. इंग्रजी अमदानीतल्या रेघा आखलेल्या वहीला तो मान नाही, कारण ती जुनी वाटत नाही, ऑफिसातली वाटते. जकार्तात स्टोव्हियाची इमारतच आज राष्ट्रीय जागृतीचं संग्रहालय आहे. मी तुमच्याकडे इमारत मागत नाही.

मागते ते एवढंच. या 19 गठ्ठ्यांपुरती निर्लेखनाची प्रक्रिया ताबडतोब थांबवावी, बाकीची यादी खुशाल पुढे जाऊ द्यावी. पुराभिलेखाची जाण असलेली एक व्यक्ती समितीवर घ्यावी आणि गठ्ठा उघडून, वहीनिहाय यादी झाल्याशिवाय कोणत्याही कागदावर 'निरुपयोगी' हा शेरा मारू नये. जागा नसेल तर राज्याच्या पुराभिलेखागाराला किंवा विद्यापीठाला लेखी विचारणा करावी आणि उत्तर येईपर्यंत वह्या कोरड्या खोलीत ठेवाव्यात. रुग्णांच्या आणि विच्छेदनाच्या वह्या वेगळ्या काढून, त्या कोणी आणि किती वर्षांनी पाहाव्यात याचा नियम डॉक्टर आणि इतिहासकार दोघांनी मिळून करावा. आणि स्कॅनच करायचं असेल तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करावं, उलट्या बाजूनेसुद्धा.

यादी करायचं काम मी करीन. मानधन नको. माझे दोन जुने विद्यार्थी शनिवारी-रविवारी यायला तयार आहेत, त्यांतली एक कागद-संवर्धन शिकलेली आहे. एक टेबल, बरा उजेड आणि धुळीसाठी मास्क लागतील. मास्क आम्ही आणू. माझ्या हिशेबाने तीन महिने पुरतात. तेवढ्यात लॅबचं टेंडरही निघायचं नाही, हे आपण सगळेच जाणतो.

या रद्दीच्या निविदा उघडण्याची तारीख येत्या सोमवारची आहे. त्याआधी शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी जिन्याखाली येऊन थांबते. चहा पाठवणारे कारकून केव्हाच निवृत्त झाले, त्यामुळे खोलीची चावी हल्ली कोणाकडे असते ते तेवढं कळवावं.

कळावे,
आपली,
इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापक